देव उजव्या अंगाला

हेब्बाळ, बेंगळूरू
१८ ऑगस्ट २०२४

अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. शाळेत तुझे सगळे निबंध याच अक्षरात असायचे. पळायचं काम तुझं आणि लिहायचं माझं, अशी आपली वाटणी होती. तू वाटणी मोडून गेलीस, मी माझा वाटा अजून सांभाळते आहे. तेव्हा फाडू नकोस, आधी वाच.

मी जूनपासून बेंगळूरूला आहे. हेब्बाळला एका पीजीत राहते आणि जवळच्याच कॉलेजात बी.एस्सी. करते. निपाणीत काय कॉलेजं नव्हती का, असं म्हणशील. होती की. पण तिथं तू नव्हतीस. तुझा इथल्या पीण्या भागातला पत्ता आईनं दिला. लग्नानंतर महांतेश दाजींनी एक कार्ड पाठवलं होतं म्हणे. आप्पांनी ते चुलीत घालायच्या आधी आईनं पत्ता पाठ करून ठेवला आणि निघताना शेंगाचटणीच्या डब्याच्या झाकणात चिठ्ठी चिकटवून मला दिला. आपली आई! आपण तिला भोळी समजत होतो.

आता फोन का नाही करत, ते सांगते. मला इथं पाठवायच्या आधी आप्पांनी खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. "म्हण, कस्तुरीला डोळ्यानं बघणार न्हाई, तिच्याशी तोंडानं बोलणार न्हाई, फोनवर सुदीक न्हाई. आईची आण." मी म्हटलं. न म्हणून काय करणार होते? आई शेजारी नारळ धरून उभी होती, तिला कुणी काही उचलायला लावलं नाही. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बुरशी बघणारी मुलगी, पण कशाला खोटं बोलू, भंडारा तळहातावर घेतला तेव्हा एक कणही खाली सांडू दिला नाही. उद्या शपथ मोडली आणि आईला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? पण पत्राचं त्या शपथेत काही नव्हतं. आप्पांना सुचलंच नाही. आजकाल पत्रं लिहितंय कोण?

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. जेवलीस का, झोपलीस का, काही नाही. "बघितलीस तिला?" नाही आप्पा. "बोल्लीस?" नाही आप्पा. मग फोन आईकडे.

हे सगळं लिहिलं खरं, पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. हसू नकोस. इथं मला पळायला लावलंय.

पहिल्या वर्षाला खेळाचे मार्क सक्तीचे आहेत. मी खेळाच्या हेमलता मॅडमना गुडघा दुखतो म्हणाले, पोट दुखतं म्हणाले, त्या काही बधल्या नाहीत. तुला माहितीये ना मला पळायचा किती राग आहे तो. पहाटे तू आणि आप्पा देवळाभोवती फेऱ्या मारायचात आणि मी कट्ट्यावर तुमच्या चपला राखत बसायची. कधी मला उठवून पळायला लावलं की आप्पा तुझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "तिची सावली तरी हो!" आणि तू धारवाडच्या स्पर्धेला म्हणून गेलीस ती आलीच नाहीस. तेव्हापासून गावात जो तो म्हणतो, बापानं पळायला शिकवलं, पोरगी पळाली. त्या दिवसापासून आपल्या घरात पळणं हा शब्द कुणी काढत नाही. आप्पा एसटी सुटत असली तरी चालत जातात.

तर झालं काय, मैदानावर शिट्टी वाजली आणि मी सुटले. चार पावलं गेले नाहीत तोच समोरून सगळा वर्ग अंगावर आला! मॅडम ओरडतायत, "एय्, उल्टा ओडबेडा!" उलटं पळू नको म्हणे, पण मला कळेचना उलटं कोण पळतंय. अगं, मी देव उजव्या अंगाला ठेवून पळत होते. आपल्याला दुसरं कुठं माहितीये? आप्पांनी शिकवलेलं एवढंच माझ्या अंगात मुरलेलं, तेही नेमकं उलटं निघालं. ट्रॅकवर सगळे मैदान डाव्या हाताला ठेवून पळतात. वर्ग पोट धरधरून हसला. मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुला हे माहीत होतं? बेळगावला ट्रॅकवर पहिल्यांदा पळालीस तेव्हा तुझं असं झालं होतं का? तू कधी सांगितलं नाहीस.

उत्तर दे. तुझ्या बाजूनं कुठलीच शपथ नाही.

तुझी
भाग्या


८ सप्टेंबर २०२४

अक्का,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे कुणीतरी ते घेतलंय. दाजींनी घेतलं असेल तर त्यांना नमस्कार.

काल गणपती बसले. खोलीतली अंजली पुण्याची. आयटीत आहे. ती तिच्या कंपनीतल्या लोकांकडे आरतीला गेली. मला म्हणाली, "तू पण चल ना यार, मस्त क्राउड आहे." मी नको म्हटलं. ती चांगली आहे गं, पण माझं मराठी ऐकलं की तिला फार क्यूट वाटतं. मी काही क्यूट बोलत नाही, नीट बोलते. त्यामुळं तिच्यासमोर मी गप्पच असते. कॉलेजात कन्नड येतं म्हणून बरं चाललंय, पण तिथल्या मुलींना मी मराठी वाटते आणि अंजलीच्या मैत्रिणींना कन्नड. दिवसभरात मी मोठ्यानं किती बोलते ते आज आठवून बघितलं. रिक्षावाल्याला "स्वल्प मुंदे" आणि खाली जेवण वाढणाऱ्या चंपा अक्कांना "साकु". स्वल्प मुंदे म्हणजे थोडं पुढं, साकु म्हणजे पुरे. संपलं.

पीजीच्या मागं एक छोटं तळं आहे. भोवती फरशीची वाट, सकाळी सगळी काका-काकू मंडळी फिरायला. मॅडम म्हणाल्या, घरी सराव कर, नाहीतर नापास करीन. म्हणून तिथं जाते. पळते असं म्हणणं म्हणजे पळण्याचा अपमान आहे. दोन झाडं पळते, चार झाडं चालते. छातीत जाळ होतो, पोटरीत गोळे येतात, आणि आप्पांचा, तुझा, मॅडमचा, सगळ्यांचा एकदम राग येतो.

तिथंही लोक तळं डाव्या हाताला ठेवून फिरतात, तशी पाटीच आहे. मी उलटीच जाते. मैदानावर मुकाट वळते, पण इथं माझं मी ठरवणार. एक शेषगिरी म्हणून आजोबा आहेत, माकडटोपी घालून येतात. पहिल्या दिवशी मला अडवून म्हणाले, "उल्टा, अम्मा, उल्टा!" मी म्हटलं, आमच्याकडे देव उजव्या अंगाला लागतो. ते तळ्याकडे बघून म्हणाले, "देवरु एल्लि?" म्हणजे देव कुठाय? खरंच, पाणकोंबड्या आणि जलपर्णी सोडून त्यात काही नाही. पण आता ते मला बघून टोपीला हात लावतात.

उलटं पळण्याचा एक फायदा सांगते. सगळे लोक समोरून येतात. प्रत्येकाचं तोंड दिसतं. या शहरात मला लोकांची तोंडं फक्त तिथंच दिसतात, बाकी सगळीकडे लोकांची मोबाइलवर वाकलेली डोकी. आणि मी प्रत्येक बाईचं तोंड बघते. तू असशील म्हणून. दिसलीस तर काय करीन माहीत नाही. डोळे मिटीन आणि तळ्यात पडेन.

भाग्या


६ ऑक्टोबर २०२४

अक्का,

मी आज न थांबता पूर्ण फेरी मारली.

कुणाला सांगू? अंजली झोपली होती. आईचा फोन आला पण आप्पा शेजारीच होते. म्हणून तुला सांगते. शेवटच्या वळणाला पोटात चमक आली, म्हटलं झालं, आता चालायचं. तेवढ्यात शेषगिरी आजोबा समोरून आले आणि टोपी काढून उभेच राहिले, मिरवणूक चालल्यासारखे. मग थांबायची लाज वाटली. पुढं गेल्यावर चमक कुठं गेली कळलंच नाही. दम लागतो, मेल्यासारखं होतं, आणि ते तसंच रेटलं की पुढं थोडी मोकळी जागा लागते. तुला ही जागा माहीत असणार. तू हिच्यासाठीच पहाटे उठायचीस का? मला वाटायचं आप्पांना खूश करायला.

मला पळायला आवडतं असं मी अजून म्हणणार नाही. पण काल पायाला विश्रांती द्यायची म्हणून गेले नाही, तर दिवसभर चिडचिड झाली.

एवढं सगळं तुला लिहिते. तू एक ओळ लिही. "मिळालं" एवढंच लिही. मी तुझे पानपानभर निबंध लिहिले, तुला एक शब्द लिहवत नाही?

भाग्या


१० नोव्हेंबर २०२४

अक्का,

दिवाळीला घरी जाऊन आले. मला हे पत्र लिहायचं नव्हतं. पण आईनं निरोप दिलाय, तो देते आणि गप्प बसते.

आईनं तुझ्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या डब्यात काढल्या. दर दिवाळीला काढते म्हणे. आप्पांना दिसतात. पण ते त्या डब्याला हात लावत नाहीत. निरोप एवढाच, की तिला सांग, मी बरी आहे.

मला मात्र तुझा भयंकर राग आलाय. तुझ्यापायी मी देवळात खोटी पडते की खरी, याचा विचार करत रात्री पडून असते. तू मजेत पीण्यात. शेजारणी मला विचारतात, "तुझा काय बेत? तू बी पळणार?" आणि मी खाली मान घालून पोह्याची बशी धरते. हे सगळं तू मागं ठेवून गेलीस, उचलायला मी. आणि तुला दोन ओळी जड होतात? तू वाचतेस का नाहीस हेही मला माहीत नाही. कदाचित त्या पत्त्यावर दुसरंच कुणी राहत असेल आणि माझी पत्रं वाचून करमणूक करून घेत असेल. त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.

पुन्हा लिहिणार नाही.

भाग्यलक्ष्मी


२६ जानेवारी २०२५

अक्का,

लिहिणार नाही म्हटलं होतं. बघ, माझ्या शब्दाला किती किंमत आहे ते.

मधल्या काळात मी खूप पळाले. राग आला की पळायला बरं जातं, हे मला नवीनच कळलं. डिसेंबरच्या थंडीत तळ्यावर धुकं असतं, समोरचा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी पावलं ऐकू आली की मला दर वेळी वाटायचं, आता तूच येतेस. दर वेळी दुसरंच कुणीतरी असायचं. शेवटी मी बघायचंच सोडलं. खाली फरशी बघून पळायला लागले.

आणि त्याच दिवसांत मी सुधारले म्हणे. हेमलता मॅडमनी कॉलेजच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला माझं नाव घातलंय! मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "तू पोट दुखतं म्हणत होतीस ना? आता दुखव दुसऱ्यांचं." स्पर्धा फेब्रुवारीत आहे. वर्गातली तीच हसणारी मंडळी आता मला पाण्याची बाटली आणून देतात.

पण एक अडचण आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. मॅडम म्हणाल्या, तळ्यावर उलटी पळतेस आणि इथं सुलटी, म्हणून वळणावर तुझी गाडी बाहेर जाते. खरंय. डावीकडे वळताना मला कुणीतरी उजवीकडे ओढल्यासारखं होतं. मॅडम म्हणतात, आत झुक, आत झुक. कशी झुकू? तू कशी वळायचीस? बेळगावला पहिल्यांदा, देव सोडून डावीकडे?

म्हणून गेल्या आठवड्यापासून तळ्यावरही मी सगळ्यांच्या दिशेनं पळते. पाणी डाव्या हाताला. शेषगिरी आजोबांना वाईट वाटलं. आता मी त्यांना मागून गाठते आणि पुढं जाते, टोपीला हात लावायला त्यांना वेळच मिळत नाही. आणि आता मला कुणाचं तोंड दिसत नाही. नुसत्या पाठी. तळ्यावरही एकटी पडले म्हण ना. पण वळणं जमली पाहिजेत.

रविवारी सकाळी जाते, ऊन तळ्याच्या बांधावर आलं की. आप्पांचा फोन यायच्या आधी.

भाग्या


९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

बूट काढले नाहीत. तशीच बसून लिहिते आहे. अंजली विचारतेय, "ए, आर यू ओके?" मी हो म्हटलं आणि पुन्हा रडायला लागले.

तू आलीस!

दुसऱ्या फेरीला मागं पावलं वाजली. तळ्यावर पळणारे आणखी चारजण असतात, त्यामुळं मी लक्ष दिलं नाही. पावलं जवळ आली आणि पुढं गेली नाहीत. माझ्याच तालात मागं राहिली. मग वळण आलं आणि मागून आवाज आला, "डावा खांदा खाली सोड. उजवा हात जरा आत."

अक्का, माझे पाय तिथंच थांबणार होते. तू लगेच म्हणालीस, "मागं बघू नको. पळत राहा."

मी वळले नाही. माझी मान कशी दुखत होती ते तुला सांगून कळणार नाही. खांदा खाली सोडला आणि ते वळण असं सरळ गेलं, कुणी ओढलंच नाही. मला बोलायचं होतं. ओठ चावून धरले. रडत पळता येत नाही गं, श्वास फुटतो. तू मागून म्हणालीस, "नाकानं घे." हीच तू!

बांधावर आलो तेव्हा ऊन पाठीवर आलं आणि आपल्या दोघींच्या सावल्या पुढं पडल्या. सावली मी बघितली. भरपूर बघितली. सावलीचं आप्पांनी काही म्हटलं नव्हतं. वेणी कुठं गेली? केस कापलेस? केवढे आखूड!

मग तू म्हणालीस, "पत्रं सगळी मिळाली. मला लिहायला जमत नाही भाग्या. समोरून आले असते तर तुझी शपथ मोडली असती. तू बाजू बदललीस, म्हणून आले." थोडं पुढं गेल्यावर म्हणालीस, "लिहायचं काम तुझं. मी पळत आले."

मी हात मागं केला, रिलेत काठी घ्यायला करतात तसा. तू माझी दोन बोटं धरलीस, शाळेला जाताना हायवे ओलांडायचो तेव्हा धरायचीस तशी. खरखरीत झालाय गं हात तुझा. काय काम करतेस तिथं? दाजी बरे आहेत? खातेस का नीट? एवढे प्रश्न मनात घेऊन मी आख्खा बांध गप्प पळाले. फाटक आलं आणि बोटं सुटली. पावलं लांब गेली. मी पुढं पळत राहिले, कारण थांबले असते तर वळले असते.

पुढच्या फेरीला शेषगिरी आजोबा फाटकापाशीच उभे होते, त्यांनी हात आडवा करून मला थांबवलं. विचारलं, "यारु?" कोण होती ती? मी म्हटलं, अक्का. ते म्हणाले, "गोत्तायितु." कळलंच मला. मी विचारलं, कशी दिसते? त्यांना वाटलं मी थट्टा करते. पण माझ्याकडे बघून नीट सांगितलं. तोंड अगदी तुझ्यासारखं, म्हणाले. रंग तुझ्यापेक्षा थोडा उतरता, डोळे रडून लाल, पण हसत होती. मी त्यांना दोनदा सांगायला लावलं.

खोलीत आले आणि आप्पांचा फोन.

"बघितलीस तिला?"

"नाही, आप्पा."

"बोल्लीस?"

"नाही, आप्पा."

एरवी या वेळी फोन आईकडे जातो. आज गेला नाही. म्हणाले, "धापा का टाकतीस?"

तीन वर्षांत जो शब्द आपल्या घरात कुणी काढला नाही तो मी काढला. म्हटलं, "पळून आले, आप्पा. शुक्रवारी स्पर्धा आहे. पंधराशे मीटर."

अक्का, मला वाटलं, आता म्हणतील, बॅग भर आणि ये घरी. मागं आईच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग खाकरले आणि म्हणाले, "वळताना डावा खांदा खाली सोड. उजवा हात जरा आत घे."

तुझेच शब्द. त्याच क्रमानं. म्हणजे देव सोडून डावीकडे कसं वळायचं ते तुला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी कट्ट्यावर चपला राखत बसल्यामुळं मला माहीत नव्हतं. हो, आत्ताच अक्कानं सांगितलं, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "बरं, आप्पा." त्यांनी फोन ठेवला नाही. विचारलं, "आणि कोण हाय काय बरोबर पळायला?"

मी म्हटलं, "समोर कुणी नसतं, आप्पा. मागून कुणीतरी येतं."

"मागं बघू नगंस," म्हणाले. "येऊ दे." आणि फोन आईला दिला.

त्यांना कळलं का नाही, मला माहीत नाही. तू ठरव. तू त्यांना जास्त ओळखतेस.

शुक्रवारी माझा कितवा नंबर येईल ते पुढं बघू. रविवारी मी तळ्यावर असेन, पाणी डाव्या हाताला ठेवून. एक सांगते, राग मानू नकोस. बांधावर तुझी धाप ऐकली मी. तुलाही दम लागतो हे मला आजच कळलं. सराव कर. मी तुझ्यासाठी हळू पळणार नाही. गाठ मला.

तुझी
भाग्या